काकांनी निवडलेली सॅक

माझे घरमालक आठवड्यातून एकदा गराजमध्ये मरून पडायचे. बहुतेक शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर.

मी अमेरिकेत, बॉथेलला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले तो दिवसही शनिवारच होता. नागपूरहून येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती, राहायला जागा नव्हती, आणि आमच्या मंडळींपैकी कुणीतरी हे घर सुचवलं होतं: आपलीच माणसं आहेत, काकू फार चांगल्या, काका जरा वेगळे आहेत. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. हायस्कूलमधली पोरगी, हातात सीरियलचा बाऊल. काकांना भेटायचंय म्हटल्यावर म्हणाली, "डॅड इज इन द गराज. ही इज बीइंग डेड." आणि चमचा तोंडात घालून जिना चढून गेली.

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडलं. गराजचं दार ढकललं तर सिमेंटच्या जमिनीवर एक माणूस उताणा पडलेला. छातीवर, पोटावर, मांड्यांवर बासमतीची पोती रचलेली. फक्त डोकं आणि एक हात बाहेर, आणि त्या हाताची मूठ तोंडासमोर धरलेली. डोळे सताड उघडे, छताकडे. मी ओरडले असेन, कारण तो माणूस मान न वळवता हळूच म्हणाला, "बोलू नको. बोललं की हवा जाते." मी तशीच उभी राहिले. शेल्फवरचा किचनचा टायमर वाजला तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जय भीम," म्हणाले. "ये. ही वरची दोन पोती उचल."

पुढं मला ते नेहमीचंच झालं. शनिवारी कपडे धुवायला गराजमध्ये गेलं की काका पोत्यांखाली असायचे, आणि मी त्यांना ओलांडून वॉशिंग मशीनपर्यंत जायची. काकू तर त्यांच्या पोटावरच्या पोत्यातून भाताचे तांदूळ काढून न्यायच्या. तरी खरं सांगायचं तर त्या उघड्या डोळ्यांची मला कधी सवय झाली नाही. ते छत बघत नसत. ते छताच्या वरचं काहीतरी बघत.

काका मूळचे यवतमाळकडचे. सत्तरच्या दशकात शिकायला आले आणि इथलेच झाले. हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांचं काम वस्तू मोडण्याचं होतं. नवीन यंत्र आलं की ते उंचावरून पाडायचं, भट्टीत ठेवायचं, बर्फात ठेवायचं, दिवसरात्र हलवत ठेवायचं, आणि मोडलं नाही तर त्यावर 'पास'चं हिरवं स्टिकर लावून खाली सही करायची. ते स्टिकरचं बंडल ते घरीही आणायचे. शिडीवर स्टिकर, टोस्टरवर स्टिकर, काकूंनी नागपूरहून आणलेल्या मिक्सरवर स्टिकर. माझा राइस कुकर त्यांनी तीनदा लावून बघितला, चौथ्यांदा जाळला आणि म्हणाले, "आता घे दुसरा. हा कधीतरी जळणारच होता, तू घरात नसताना जळाला असता." मी भांडले, पण दुसरा घेतला.

मीही टेस्टरच असल्यामुळे त्यांनी मला शिष्य करून टाकलं. मला विचारलंही नाही. जेवताना धडे चालायचे. "पास म्हणजे काय? आज पास. उद्याचं उद्या." किंवा, "जे ऐकलं ते लिही. जे ऐकायचं होतं ते लिहू नको." मी ऑफिसात कधी मॅनेजरच्या दडपणानं एखादा बग लपवला तर काकांना माझा चेहरा बघून कळायचं. "यार, तू खोटं रिडिंग दिलंस," म्हणायचे. ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. चोराला ते एकवेळ घरात घेतील, पण खोटं रिडिंग देणाऱ्याला नाही, असं काकू म्हणायच्या.

आता हा असा माणूस स्नोमोबीलच्या नादी कसा लागला? स्नोमोबील म्हणजे पुढं दोन पट्ट्या आणि मागं रणगाड्यासारखा फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटारसायकल. तिला आपल्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचा वास येतो, आणि मला वाटतं काकांना पहिल्यांदा तो वासच आवडला असावा. शिकवलं त्यांच्या लॅबमधल्या एका अमेरिकन टेक्निशियननं. उंच, लाल दाढीचा, काकूंचा झुणका चाटूनपुसून खाणारा. काका त्याच्याबद्दल फार बोलायचे. तो म्हणतो की वळणावर अंग आत टाकायचं. त्याला चहात आलं चालत नाही. तो भित्रा आहे पण कबूल करत नाही. दोन महिने मी हे ऐकत होते आणि वाट बघत होते की हा मित्र एखाद्या रविवारी जेवायला येईल.

मग एकदा भांडी घासताना मी काकूंना विचारलं, "ते लाल दाढीवाले कधी येतात?" काकूंच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये तसंच राहिलं. म्हणाल्या, "त्याला जाऊन चार हिवाळे झाले ग."

हकिकत अशी. बर्फाळ डोंगरात जाणारे लोक छातीशी एक बीपर बांधतात, पाकिटाएवढा. तो सतत टिक-टिक असा संदेश सोडत असतो. बर्फाचा कडा सुटून कुणी गाडलं गेलं, की बाकीचे आपापले बीपर 'ऐका'वर करतात आणि टिक-टिक जिथं मोठी होईल तिथं खणतात. तेव्हा अमेरिकेत हे बीपर जुन्या फ्रीक्वेन्सीवरून नव्या फ्रीक्वेन्सीवर चालले होते. काकांनी नवा घेतला होता, मित्राचा जुना होता. निघायच्या आधी काकांनी दोन्ही लॅबच्या टेबलावर तपासले. एक यंत्र लावून नवा तपासला, पास. दुसरं यंत्र लावून जुना तपासला, पास. दोन्हींवर स्टिकर, दोन्हींवर सही. दोन बीपर एकमेकांसमोर मात्र धरले नाहीत. साधी माणसं असती तर पार्किंगमध्ये गंमत म्हणून तरी धरले असते. ह्यांच्याकडे स्टिकर होतं.

त्या दिवशी स्टीव्हन्स पास नावाच्या घाटाच्या पलीकडं एका उतारावर बर्फ सुटला. काका झाडांच्या कडेला होते, मित्र मधोमध. काकांनी बीपर 'ऐका'वर केला आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. कुठं खणायचं तेच कळेना. जून संपता संपता बर्फ वितळला तेव्हा तो सापडला. त्याचा बीपर चालू करून ठेवलेला होता, बटण 'सोडा'वरच होतं. त्याच्या बायकोनं तो बीपर काकांकडे पाठवून दिला. चिठ्ठी नव्हती. स्टिकर तेवढं होतं.

हे कळल्यावर मला घरातल्या बऱ्याच गोष्टी कळल्या. पोती कळली. संध्याकाळी काका मागच्या अंगणात खुर्ची टाकून एका कानात इअरफोनचं बटण घालून बसायचे. मला वाटायचं क्रिकेट ऐकतात. तो मित्राचा जुना बीपर होता, 'ऐका'वर ठेवलेला. एकदा मी हट्टानं ते बटण कानात घालून बघितलं. नुसती खरखर. "काय ऐकता काका?" विचारलं तर म्हणाले, "त्या दिवशी ह्या फ्रीक्वेन्सीवर ऐकलं नाही ना. म्हणून आता ऐकतो."

आमच्या घरात भूतखेत हा शब्द कुणी उच्चारत नसे. नागपूरला माझ्या घरीही नाही, इथंही नाही. आम्ही त्यातून बाहेर पडलेली माणसं, आमच्या बापजाद्यांनी ते सगळं सोडलं म्हणून आम्ही शाळेत गेलो. दर रविवारी काकांच्या हॉलमध्ये वंदना असायची, पंधरावीस माणसं पांढऱ्या कपड्यांत यायची, आणि त्यानंतर काका लहान मुलांना प्रयोग करून दाखवायचे. त्यामुळं काका जेव्हा मला म्हणाले की दर हिवाळ्यात त्या उतारासमोर उभं राहिलं की जुन्या बीपरवर टिक-टिक ऐकू येते, तेव्हा ते अगदी वैतागून म्हणाले, एखाद्या यंत्रातला बिघाड सापडत नसल्यासारखे. त्यांच्याकडे एक वही होती. इंजिन बंद करून ऐकलं. घड्याळ काढून ऐकलं. बॅटरी बदलली. वायर बदलली. दर वेळी शेवटची ओळ तीच: आवाज आहे. कारण नाही.

"दुसरं कुणी ऐकलंय?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर ते रिडिंग धरता येत नाही. दोन जणांनी ऐकलं पाहिजे."

आणि माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच बेसमेंट सोडून दुसरीकडं खोली बघायला हवी होती.

पण काकू खाली आल्या. माझ्या पलंगावर बसल्या. "ते ह्या वर्षीही जाणार," म्हणाल्या. "मी अडवू शकत नाही. एकटे गेले तर त्या उतारावर चढतील. तू सोबत असलीस की तुझी जबाबदारी म्हणून कडेलाच थांबतील. मला ते परत हवेत ग, बाकी काही नको." त्या बाईनं मला पहिल्या तापात तीन दिवस पेज भरवली होती. मी हो म्हटलं. मग त्या वर गेल्या आणि काकांना अट घातली: युरोपात ती फुगणारी सॅक मिळते म्हणतात ना, ती दोघांच्या पाठीवर, भरलेली, असेल तरच गाडी ड्राइव्हवेतून बाहेर निघेल.

त्यानंतरचे चार महिने आमच्या डायनिंग टेबलावर सॅक निवडणं चालू होतं. तेव्हा अमेरिकेत ती कुणाकडं फारशी नव्हती, जर्मनीहून मागवायची. कॅटलॉग जर्मन, काका लायब्ररीतून डिक्शनरी आणून शब्दाशब्दाला अडायचे. मी विचारलं, "फुगा लावून माणूस बर्फावर तरंगतो का?" तर त्यांनी तांदळाचा डबा घेतला, तळाशी एक अक्रोड पुरला, वरून तांदूळ दाबले आणि डबा हलवायला लागले. थोड्या वेळानं अक्रोड वर आला. "तरंगत नाही. हलणाऱ्या ढिगात मोठी वस्तू वर येते. तुला फक्त मोठं व्हायचंय." मग राजम्याचा दाणा पुरून हलवलं. तो आला नाही.

दोन मॉडेल होती. एकात मानेमागं एकच मोठा फुगा, दुसऱ्यात दोन बाजूंना दोन. काकांना दोनवालं पसंत पडलं, एक फाटला तरी दुसरा राहतो. मग मूठ कुठल्या बाजूला? फुगा आपोआप उघडत नाही, खांद्याजवळची मूठ ओढावी लागते. "स्नोमोबीलवर उजवा अंगठा थ्रॉटलवर, वेगाच्या खटक्यावर असतो," काका म्हणाले, "आणि घाबरलेला माणूस थ्रॉटल सोडत नाही. मूठ डावीकडेच हवी." मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, हातात लाटणं थ्रॉटल म्हणून देऊन, जाड हातमोजे घालून त्यांनी शंभर वेळा डाव्या हातानं खांदा चाचपायला लावलं. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर सॅक नको, नाहीतर बर्फ ती डोक्यावरून ओढून काढतो. फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी सॅकमध्ये मावली पाहिजे, स्नोमोबीलवर बांधायची नाही, कारण स्नोमोबील कुठं आणि आपण कुठं. मी म्हणायचे, काका, आपण कडेलाच थांबणार आहोत ना? ते म्हणायचे, "हो. निवडताना मात्र मधोमध आहोत असं धरून निवडायचं."

सॅक आल्या ऑक्टोबरात, जहाजानं, कारण दाबलेल्या गॅसचे सिलिंडर विमानात घेत नाहीत. दोन सॅक, दोन छोटे सिलिंडर. काकांनी सिलिंडर काकूंच्या वजनकाट्यावर तोलले, कॅटलॉगशी ताडून बघितले. आणि मग अडकले. सिलिंडर चालतो का हे बघायचं तर मूठ ओढायची, आणि ओढली की तो संपला. तपासलेला निकामी, आणि कामाचा न तपासलेला. त्यांना कशाला स्टिकर लावावं कळत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते. आठ दिवस ते दोन्ही सिलिंडर टीव्हीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले.

शेवटी एका रविवारी, वंदना झाली, ताटं मांडायची होती, तेवढ्यात काका पांढऱ्या सदऱ्यावर सॅक चढवून हॉलच्या मधे उभे राहिले आणि मूठ ओढली. मोठा आवाज झाला. त्यांच्या दोन्ही खांद्यांमागून दोन नारिंगी फुगे भसकन उभे राहिले, एकानं दिवा पाडला, दुसऱ्यानं एका मावशींचा चष्मा. मुलं नाचायला लागली. काका हसले नाहीत. घड्याळ बघून म्हणाले, "तीन सेकंद."

मी म्हटलं, "हा पास झाला म्हणून तो दुसरा पास झाला का?"

"नाही. पण हा नापास झाला असता तर तोही नापास होता."

काकू जमिनीवरच्या काचा गोळा करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ह्याच्या बदली दुसरा कधी येणार?" काका म्हणाले, मागवतो. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी गराजमधून येऊन त्यांनी सांगितलं, आला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही पुढं काही विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. मागं ट्रेलरवर दोन स्नोमोबील. माझ्या वाट्याची कुणाची होती हे मला रस्त्यात कळलं. "त्याच्या बायकोला नको होती," काका गाडी ड्राइव्ह करता करता म्हणाले. "इंजिन मी सगळं उघडून परत बसवलंय. स्टिकर बघ." मी म्हटलं, काका, हे घरी सांगायचं ना. ते म्हणाले, "घरी सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

पार्किंगमध्ये त्यांनी आमचे नवे बीपर एकमेकांसमोर धरले, चालत लांब गेले, परत आले, पुन्हा धरले. माझ्या सॅकचे पट्टे ओढून बघितले. तासभर जंगलातून गेल्यावर झाडं संपली आणि समोर तो उतार आला. वाटीच्या आतल्या बाजूसारखा, खूप मोठा, पांढरा. रात्री ताजा बर्फ पडला होता, त्यावर ना माणसाची खूण ना सशाची. आम्ही कडेच्या झाडांखाली थांबलो. इंजिनं बंद केली. मधे दुसरा कसला आवाज नको म्हणून काकांनी आमचे दोन्ही नवे बीपर बंद करून स्नोमोबीलच्या पेटीत टाकले. इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती आणि मला ती आवडली नाही.

काकांनी सॅक उतरवली, जुना बीपर काढला, कानात बटण घातलं आणि उताराकडे तोंड करून उभे राहिले. मला थंडी वाजत होती. मी त्यांच्या सॅकमध्ये चहाचा थर्मास शोधायला लागले. काकूंनी दिलेला, स्टीलचा. तो वरच्या कप्प्यात नव्हता. पाठीकडच्या कप्प्याची चेन उघडली तर होता. सिलिंडरच्या जागी, सिलिंडरच्या पट्ट्यात घट्ट बांधून बसवलेला, बाहेरून बरोबर तेवढाच फुगवटा दिसेल असा.

"काका," मी म्हटलं. "सिलिंडर कुठाय?"

ते वळले. थर्मास बघितला. "आला नाही," म्हणाले. "मार्चमध्ये येईल म्हणतात. मार्चमध्ये इथला बर्फ बसलेला असतो, त्या दिवसासारखा राहत नाही."

"तुम्ही काकूंना सांगितलं आला म्हणून."

"हो."

"मग माझा?"

"तुझा भरलेला आहे. तुझ्या पाठीवर रिकामा कसा देईन मी, वेडी आहेस का?"

मला एकदम रडू आलं, रागानं. तोवर त्यांनी हात वर केला, मला गप्प करायला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. घाबरलेला नव्हता, उत्सुक होता. "येतोय," म्हणाले. "आज फार स्पष्ट येतोय. पोरी, ऐक. कुणीतरी जुना बीपर लावून आलेला असू शकतो. काल संध्याकाळी. बर्फ पडायच्या आधी. असू शकतो ना?"

मी उताराकडे बघितलं. असू शकत होतं. ताज्या बर्फाखाली काहीही असू शकत होतं.

"मग खाली जाऊन रेंजरला सांगू."

"तोपर्यंत? मागच्या वेळी मी असाच उभा होतो. तू ऐक. तुला आलं तर रिडिंग पक्कं, मी मधोमध जातो. नाही आलं तर वहीत तसं लिहितो आणि आपण जाऊ. तू जे सांगशील ते."

त्यांनी बटण माझ्या कानात घातलं. थंडगार होतं. आधी खरखर. मग मी श्वास धरला आणि खरखरीच्या खालून ते आलं. टिक. टिक. टिक. सावकाश, सारखं, आमच्यासमोरच्या त्या उतारातून. मी बीपर थोडा डावीकडे वळवला तर ते बारीक झालं, परत समोर धरला तर मोठं. काका शिकवायचे तसंच. त्यात काही चूक नव्हती. मी ते आजही तोंडानं काढून दाखवू शकते, पण मी कधी काढत नाही.

माझ्या मनात तेव्हा काय काय आलं ते सगळं सांगते, कारण इतकी वर्षं मी अर्धंच सांगत आले. खाली कुणीतरी असेल, हे आलं. काकू ओट्याशी उभ्या आहेत, हे आलं. माझी भरलेली सॅक काढून काकांना द्यावी, हेही आलं. सुचलंच नाही असं मी पुढं स्वतःला सांगत राहिले, पण सुचलं होतं. पट्ट्यांवर लावलेले हात मी परत काढले. ती दिली असती तर ते गेले असते, हे खरं. आणि मला ती काढायची भीती वाटली, हेही खरंच.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. हातात पेन्सिल, वही उघडलेली.

"येतंय?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट ऐक."

मी नीट ऐकलं. टिक. टिक. टिक.

"नाही काका. नुसती खरखर आहे."

माझा चेहरा बघून ज्यांना लपवलेला बग कळायचा, त्यांना हे कळेल म्हणून मी उताराकडेच बघत राहिले. मग पेन्सिलीचा आवाज आला. त्यांनी वही माझ्यापुढं धरली. लिहिलं होतं, दोघांनी तपासलं, दुसऱ्या माणसाला आवाज नाही. मी खाली सही केली. त्यांनी बटण घेतलं, पण पुन्हा कानात घातलं नाही. बीपर बंद केला. मी तो बंद झालेला पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना ते हळू चालवत होते. मी रेंजरच्या केबिनपाशी थांबू या म्हटलं असतं तर ते थांबले असते, पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलंच नाही. हायवेला लागल्यावर काका म्हणाले, "बरं झालं तू होतीस. मी एकटा असतो तर मला ऐकू येतच राहिलं असतं." आणि मग रडले, गाडी बाजूला न घेता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. घरी पोचल्यावर त्यांनी काकूंना थर्मासचं स्वतःच सांगितलं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मला मिठी मारून म्हणाल्या, आणलंस ग तू त्यांना.

शनिवारची पोती बंद झाली. अंगणातली खुर्ची आत आली. काका आता त्या मित्राबद्दल 'म्हणायचा' म्हणायला लागले. वर्षभरात मुलगी कॉलेजला गेली आणि दोघं चँडलरला राहायला गेले, वाळवंटात, जिथं बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो. तिथून फोन यायचे. आवाज मोकळा असायचा. मला वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, कशाला, शांत झोपतोय माणूस.

मी मात्र त्या वर्षी रोज पेपर वाचला. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, त्या डोंगरात कुणी हरवल्याची बातमी नव्हती. जूनमध्ये बर्फ वितळतो तेव्हा तर मी लायब्ररीत जाऊन त्या भागातले छोटे पेपरही बघितले. कुणी सापडलं नव्हतं, कुणी शोधत नव्हतं. म्हणजे त्या उताराखाली कुणी नव्हतं, आणि मी कुणाला मारलं नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग आवाज कुणाचा होता, हे विचारायला आता कुणी उरलं नाही. काका गेल्या वर्षी गेले, झोपेत, स्वतःच्या पलंगावर. त्यांनी तो आवाज मनाचा खेळ म्हणून सोडून दिला होता, कारण माझी त्यावर सही होती. तो आवाज दोघांनी ऐकला होता. मी ते त्यांना सांगितलं नाही, आणि आता तो मी एकटीनंच ऐकलेला आहे.